पुसलेला पाच

खरं सांगायचं तर किनुको मोरोईला शिक्षिका व्हायचंच नव्हतं. नोशिरोला तिच्या वडिलांची आरागिरणी होती, थोरला भाऊ टोकियोत मोठ्या कंपनीत चिकटलेला, घरात कशाची ददात नाही. मुलगी शिकायचं म्हणते तर शिकू दे, म्हणून तिला शिक्षणशास्त्राला घातलं. वडील चारचौघांत हसून सांगायचे, "ज्याला दुसरं काही जमत नाही तो मास्तर होतो. आमची पोर निदान तेवढी तरी होईल!" त्या दिवसांत हे वाक्य सगळ्या मुलखात चालायचं. जिकडेतिकडे कारखाने उभे राहत होते, पोरंसोरं नवे सूट घालून शहराकडे पळत होती, आणि मास्तर आपला जुन्याच कोटात.

त्यात जूनमध्ये भावाचं पत्र आलं. त्याच्या ओळखीच्या एका कचेरीत जागा होती, शनिवारी सकाळी दहाला मुलाखत. वडिलांनी शुक्रवार संध्याकाळच्या गाडीचं तिकीटही काढून टाकलं. किनुकोचे चार आठवड्यांचे सराव पाठ चालू होते, त्यातले तीन आठवडे संपत आले होते. आता एक मोठा पाठ घ्यायचा, प्रमाणपत्राची सोय करायची आणि सुटायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

शाळा हाचिरो सरोवराच्या काठावरच्या गावात. सरोवर म्हणायचं ते सवयीनं. सरकारनं ते उपसून भातशेती काढल्याला पाच वर्षं झाली होती, आणि उरलेल्या पाण्यात मोजक्या होड्या चालत. तिथल्या तिसरीच्या वर्गावर तोगाशी गुरुजींच्या हाताखाली तिला नेमलं होतं. हे तोगाशी गुरुजी म्हणजे कुणी रुबाबदार पुरुष असतील अशी समजूत असेल तर ती सोडा. बुटके, टक्कल पडलेले, कोटाच्या उजव्या बाहीवर कायमचा खडू. बत्तीस वर्षं शिकवत होते. मुख्याध्यापक व्हा म्हणून दोनदा विचारणा झाली, दोन्ही वेळा "वर्ग सुटेल हो माझा" म्हणून नाही म्हणाले.

पण हा माणूस रस्त्यानं निघाला की जाळी विणणारे म्हातारे हातातलं टाकून उभे राहत आणि कमरेत वाकत. किनुकोनं हे फोनवर वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "नमस्कार फुकट असतो, म्हणून करतात. पैसे पडले असते तर बघितलं असतं." आणि गुरुजी? ते या बावीस वर्षांच्या पोरीला पहिल्या दिवसापासून "मोरोईबाई" म्हणत, "तुम्ही" म्हणत, आणि तिच्यासाठी दार उघडून धरत. तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या शाळेत एक रीत होती. कुठे लिहून लावलेली नव्हती, पण सगळे पाळत. तास सुरू झाल्यापासून घंटा होईपर्यंत फळ्यावरचं काही पुसायचं नाही. बरोबर असो की चूक, मुलाचा विचार एकदा फळ्यावर आला की तासभर तो तिथेच राहणार. म्हणून तर पाठाच्या टाचणात फळ्याचाही नकाशा काढावा लागे: प्रश्न कुठे, मुलांची उत्तरं कुठे, शेवटचं कुठे. किनुकोचं टाचण गुरुजींकडून सात वेळा परत आलं होतं. फळा न पुसण्याबद्दल त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं तेव्हा तिनं हो ला हो केलं होतं. फळा पुसला काय नि न पुसला काय, असं तिला वाटलं होतं.

बुधवारी तिसऱ्या तासाला तिचा मोठा पाठ. आसपासच्या शाळांतून अठरा शिक्षक बघायला आले. आपापल्या वर्गांना काम लावून, सायकली हाणत आले होते. प्रत्येकाच्या हातात वर्गाच्या आसनांचा तक्ता आणि टोकदार पेन्सिल. किनुकोच्या तोंडचं पाणी पळालं. पण हे लोक तिच्याकडे बघतच नव्हते! मागे नि कडेला उभे राहून ते मुलांच्या हातांकडे, वह्यांकडे, मानांकडे बघत होते. एकेका शिक्षकानं एकेक मूल वाटून घेतलेलं.

तिनं गणित लिहिलं. तेवीस मुलं पाण्यापलीकडे सहलीला निघाली आहेत, एका होडीत चौघं बसतात, तर होड्या किती लागतील?

मुलं वह्यांत घुसली. थोड्या वेळानं बोटं वर झाली, आणि त्यांत खिडकीजवळच्या मित्सुयोचं बोट होतं. वर्षभरात या पोरीनं आपण होऊन तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. किनुकोला आनंदाचं भरतं आलं. "ये, ये मित्सुयो!" म्हणून तिला फळ्याशी बोलावलं. मित्सुयोनं खडू घेतला, मोठा पाच काढला, आणि पुढे काहीतरी सांगायचं म्हणून वर्गाकडे वळली.

"चूक!" मागून हेइता नावाचा पोरगा ओरडला. "तिघं राहिली की काठावर!"

"बुडली, बुडली!" दुसरा कुणी म्हणाला आणि वर्ग खदखदून हसला.

मित्सुयोचे कान लाल झाले. किनुकोला तिची इतकी दया आली की विचार करायच्या आत तिचा हात डस्टरकडे गेला. दोन फटक्यांत पाच साफ. "असू दे हं. होतं असं. बस जागेवर," ती गोड आवाजात म्हणाली. मग हेइतानं सहा लिहिले, सगळ्यांना पटले, आणि पाठ पुढे पाण्यासारखा वाहत गेला. फक्त एक झालं. डस्टर फिरला त्या क्षणी अठराच्या अठरा पेन्सिली थांबल्या. किनुकोला ते ऐकू आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

शाळा सुटल्यावर शिक्षकखोलीत सगळे बसले. चहा आला, तांदळाचे कुरकुरीत पापड आले. रिवाज असा की ज्यानं पाठ घेतला त्यानं आधी स्वतःच्या चुका सांगायच्या. किनुकोनं अक्षर लहान आलं, वेळ जरा कमी पडला, असं काहीबाही सांगितलं. कुणी मान हलवली नाही. मग शेजारगावच्या कुदोबाई, जाडजूड, दोन पोरांची आई, तक्ता डोळ्यांसमोर धरून बोलू लागल्या. त्यांच्या वाट्याला मित्सुयो होती.

"अकराला आठ मिनिटं कमी. फळ्यावरचा पाच पुसला गेला. मित्सुयो जागेवर आली आणि वहीतला पाच खोडरबरानं खोडू लागली. खोडून झाला तरी खोडतच राहिली. कागद फाटला. फाटल्या जागेवर तिनं डावा तळवा ठेवला आणि घंटा होईपर्यंत तो उचलला नाही. फळ्याकडे त्यानंतर एकदाही बघितलं नाही." कुदोबाईंनी तक्ता खाली ठेवला. "मला एवढंच दिसलं."

आता सगळे मिळून आपल्याला सोलून काढणार, या तयारीनं किनुको खाली मान घालून बसली. पण तिला कुणी अक्षरानं बोललं नाही. अठरा माणसं भांडायला लागली ती भलत्याच गोष्टीवर: त्या पोरीनं पाच का लिहिला असेल?

एक म्हणाला, बाकी उरली ती विसरली. दुसरा म्हणाला, छे, विसरली असती तर वळून सांगायला कशाला लागली असती? तिच्या डोक्यात काहीतरी होतं. एकजण म्हणाला, पहिली होडी परत येऊन तिघांना नेईल असं तिनं धरलं असेल. "अहो, मग होडीचं चित्र काढलं असतं तिनं. तिच्या वहीच्या कडेकडेनं चित्रंच चित्रं आहेत," कुदोबाई म्हणाल्या. मे महिन्यातली तिची वही आणली, त्यातली भागाकाराची पानं उलटली. कुणी पापडाचे तुकडे मांडून होड्या केल्या. सहा वाजले. शाळेच्या शिपायानं दोनदा डोकावून बघितलं आणि काय समजायचं ते समजून पुन्हा चहा ठेवला. दोन तास! एका कोळ्याच्या आठ वर्षांच्या नातीनं लिहिलेल्या एका आकड्यावर अठरा शिकलीसवरली माणसं दोन तास डोकेफोड करत होती. किनुको बघतच राहिली. वडिलांच्या वखारीत चांगले चांगले ओंडके नुसत्या पायाच्या ठोकरीनं बाद होताना तिनं पाहिले होते. एवढ्याशा गोष्टीचा एवढा मान ठेवणारी माणसं जगात असतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला त्या खोलीची भीती वाटली, देवळाच्या गाभाऱ्यात वाटते तशी.

शेवटी तोगाशी गुरुजी बोलले. "आपल्याला काही कळलेलं नाही. जिला कळलंय तिचं उत्तर आपण पुसून टाकलं." तुम्ही पुसलंत असं ते म्हणाले नाहीत. टाचण दोघांनी मिळून केलं होतं, म्हणून चूकही दोघांची. त्या "आपण"नं किनुकोच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यापेक्षा दोन मुस्कटात दिल्या असत्या तर परवडलं असतं.

गुरुवारी तिनं चपलांच्या मांडणीपाशी मित्सुयोला गाठलं. वाकून विचारलं, "मित्सुयो, कालचा तुझा पाच, तो कसा गं आला होता?"

"चुकलं होतं, बाई," मित्सुयो म्हणाली, वाकली आणि पळाली.

किनुकोनं हे येऊन गुरुजींना सांगितलं. ते बाहीवरचा खडू झटकत म्हणाले, "एकटीला बाजूला घेऊन विचारलं की पोराला ती शिक्षा वाटते. पुसलं सगळ्यांसमोर, तर लिहायलाही सगळ्यांसमोरच हवं."

"म्हणजे?"

"म्हणजे तास परत घ्या. उद्या, तिसरा."

"आणि ती बोललीच नाही तर?"

"तर बोलणार नाही," गुरुजी म्हणाले. "मग आयुष्यभर आपल्याला माहीत नसेल. असंही होतं."

संध्याकाळी तिच्या बिऱ्हाडी वडील आले. बगलेत नव्या कातडी बुटांचा डबा, मुलाखतीसाठी. चटईवर ऐसपैस बसून त्यांनी घरमालकिणीनं दिलेलं धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं कुरुमकुरुम खाल्लं. किनुकोनं त्यांना बुधवारची सगळी हकिगत सांगितली.

"अठरा माणसं?" वडील म्हणाले. "दोन तास? एका आकड्यावर? माझ्याकडे असा वेळ काढला तर गिरणीला कुलूप लागेल!"

"बाबा, ती लाकडं नाहीत."

"अगं, म्हणूनच म्हणतो. लाकडाचे पैसे होतात." ते आपल्याच विनोदावर हसले, मग मुलीचा चेहरा बघून जरा ओशाळले. "हे बघ पोरी, माणसं चांगली असतील. पण चांगल्या माणसांना विचारतो कोण? उद्या सहाची गाडी आहे. बूट घालून बघ, चावतात का."

बूट चावत नव्हते. अगदी बेतानं बसले.

शुक्रवारी तिसऱ्या तासाला किनुकोनं फळ्यावर तेच गणित लिहिलं, आणि परवा जिथे पाच होता नेमका तिथेच, तेवढाच मोठा पाच काढला. या वेळी बघायला तोगाशी गुरुजी एकटेच, मागे, मुलांच्या ठेंगण्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून. तिनं खडू ठेवला, वर्गासमोर उभी राहिली आणि कमरेत वाकली. मुलं चपापली. बाई आपल्याला नमस्कार करतात?

"परवा मी मित्सुयोचं उत्तर पुसलं," ती म्हणाली. "तिला न विचारता. ते माझं चुकलं."

"पण बाई, उत्तर सहाच आहे!" हेइता म्हणाला. "झालं ना ते परवा!"

"सहा कसे आले ते मला कळलं, हेइता. पाच कसे आले ते मला माहीत नाही. मला शिकायचंय." आणि ती मित्सुयोकडे वळली. "सांगशील?"

मित्सुयोनं मान खाली घातली.

मग थांबणं सुरू झालं. थांबणं म्हणजे काय असतं ते किनुकोला त्या दिवशी कळलं. एक मिनिट गेलं. कुणीतरी पाय हलवले, कुणी खोकलं. तिच्या जिभेवर शंभर गोड वाक्यं येत होती: असू दे, राहू दे, उद्या सांग. बुधवारी हात जसा डस्टरकडे गेला तशीच आता जीभ वळवळत होती. तिनं दात आवळून धरले. दुसरं मिनिट गेलं. मागे गुरुजी जराही हलले नाहीत. ते मित्सुयोकडेही बघत नव्हते, पोरीला नजरेचा भार होऊ नये म्हणून फळ्यावरच्या पाचाकडे बघत होते. तिसरं मिनिट. आता ही नाहीच बोलणार, संपलं, असं किनुकोला वाटलं, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मित्सुयो फळ्याशी आली. पाचाखाली तिनं पाच होड्या काढल्या, छान, टोकदार नाकाच्या. प्रत्येकीत चार ठिपके. काठावर तीन ठिपके.

"बघा, राहिलीच तिघं!" हेइता.

"थांब ना रे!" मित्सुयो त्याच्यावर खेकसली. वर्ग गार पडला. मित्सुयो खेकसली? तिनं काठावरच्या एका ठिपक्यापासून पहिल्या होडीत रेघ ओढली, दुसऱ्यापासून दुसरीत, तिसऱ्यापासून तिसरीत. "आमचे आजोबा म्हणतात, काठावर कुणाला टाकून जायचं नाही. चार म्हणजे मोठी माणसं चार. मुलं हलकी असतात. तीन होड्यांत पाच-पाच, दोन होड्यांत चार-चार. तेवीस." मग दम घेऊन म्हणाली, "सहावी होडी घेतली तर तिच्यात तिघंच. मागे राहतील ती. भितील."

किनुकोनं मनातल्या मनात तीन पाचे पंधरा, दोन चोक आठ केलं. तेवीस. बरोब्बर तेवीस.

"पण गणितात चौघंच म्हटलंय!" हेइता उठून उभा राहिला. "पाच बसले तर बुडेल!"

"आमची नाही बुडाली."

"वारा असला तर?"

"वारा असला तर सहलीलाच कोण जातं, येड्या?" तिसरीच कुणी मुलगी ओरडली, आणि मग जे रणकंदन माजलं त्याला तोड नाही. कुणी म्हणे चार म्हणजे चारच, नियम तो नियम. कुणी म्हणे सहाच घ्या, पण चार-चार-चार-चार-चार-तीन नको, तिघांच्या होडीत एखादा मोठा बसवा. कोळ्यांची पोरं वजनावर आली, शेतकऱ्यांची पोरं गणितावर. फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत होड्यांनी भरून गेला. किनुको एका बाजूला उभी राहून नुसती नावं लिहीत होती, कुणाचा विचार कुठला. घंटा झाली ती कुणी ऐकली नाही. हेइता शेवटी मित्सुयोला म्हणाला, "सहाच बरोबर. पण मला तुझ्या होडीत बसायचंय." मित्सुयो हसली.

मुलं खेळायला गेली. किनुको वह्या गोळा करून वळली तर गुरुजी त्याच ठेंगण्या खुर्चीवर, तसेच. चेहरा पांढराफटक. तिला वाटलं, बरं नाही की काय.

"गुरुजी? पाणी आणू?"

"बत्तीस वर्षं," ते फळ्याकडे बघत म्हणाले. "हे होड्यांचं गणित मी दरवर्षी घेतो. दरवर्षी कुणीतरी पाच लिहितं. मी कधी पुसला नाही. मी विचारायचो, 'उरलेल्यांचं काय?' मग ते पोर स्वतःच लाजायचं नि सहा करायचं. फार छान जमायचं मला ते. लांबून लांबून माणसं बघायला यायची." त्यांनी टकलावरून हात फिरवला. "त्यांतल्या कितीजणांनी सगळ्यांना होडीत बसवलं असेल, मोरोईबाई? आता कुणाकुणाला जाऊन विचारू?"

ज्या माणसापुढे सगळं गाव वाकतं, तो छपन्नाव्या वर्षी बालवर्गातल्या पोरासारखा रडकुंडीला येऊन बसला होता. आणि किनुकोला हसू आलं नाही, कीवही आली नाही. तिला वाटलं, आपण काहीतरी प्रचंड मोठं, खोल, तळ न दिसणारं बघतो आहोत, आणि वडिलांना वाटतं की हे काम ज्याला दुसरं काही जमत नाही त्याचं आहे. अरे देवा! हे तर कुणालाच पुरतं जमत नाही.

गुरुजी उठले. डोळे पुसले, बाहीचा खडू गालाला लागला.

"उद्या शनिवारी दुसऱ्या तासाला मी पाठ घेणार आहे. तुम्ही बघायला उभ्या राहाल का? मी कुठे घाई करतो ते लिहून ठेवा. मला स्वतःला ते दिसत नाही, हे आज कळलं."

तिला वाटलं आपल्या कानांनी दगा दिला. बत्तीस वर्षांचा गुरू सरावाला आलेल्या पोरीला म्हणत होता, माझ्या चुका दाखव. आणि ते बोलण्यापुरतं नव्हतं, ते खरोखरच वाट बघत उभे होते, अवघडून, नकार येईल की काय अशा चेहऱ्यानं.

संध्याकाळी सहाची गाडी होती. दहाची मुलाखत होती. भाऊ स्टेशनवर येणार होता, आणि वडील आकाशपाताळ एक करणार होते, हे नक्की.

"दुसरा तास किती वाजता, गुरुजी?"

"नऊ चाळीसला."

"येते."

गुरुजी कमरेत वाकले. ती गडबडून त्यांच्याहून खाली वाकली. सरळ झाल्यावर त्यांनी टेबलावरून आसनांचा एक कोरा तक्ता काढून तिच्या हातात दिला.

"मी तुमच्याकडे कुठे उभी राहून बघू?" तिनं विचारलं. "पुढून की मागून?"

"माझ्याकडे कशाला बघता?" गुरुजी म्हणाले. "मुलांकडे बघा. मी कुणाला पुसलं ते त्यांच्याच तोंडावर दिसेल."

किनुकोनं पेन्सिलीला टोक केलं आणि तक्त्यावर एकेका मुलाचं नाव लिहायला घेतलं.